किलर्स ऑफ द फ्लॉवर मून: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

डेव्हिड ग्रॅन यांचं पुस्तक २०१७चं, मार्टिन स्कॉर्सेसी यांचा चित्रपट २०२३चा. विषय एकच. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या ओसेज या आदिवासी जमातीच्या लोकांच्या जमिनीखाली तेल सापडलं, ते गडगंज श्रीमंत झाले आणि १९२०च्या दशकात त्यांचे एकामागून एक खून पडू लागले.

आधी काय, असं विचाराल तर माझं उत्तर ठाम आहे: पुस्तक. खुनी कोण हे ग्रॅन बराच काळ हातचं राखून ठेवतात, चित्रपट मात्र ते सुरुवातीलाच उघड करतो. पुढच्या परिच्छेदांत मीही ते सांगणार आहे. रहस्य जपायचं असेल तर इथेच थांबा आणि पुस्तक हातात घ्या.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात मॉली बर्कहार्ट ही ओसेज बाई आपलं एकेक माणूस गमावते. बहीण ॲना १९२१ साली गोळी घालून मारली जाते, काही आठवड्यांत आई जाते, १९२३ साली दुसऱ्या बहिणीचं, रीटाचं, घर स्फोटात उडतं. या पानांत विल्यम हेल आपल्याला भेटतो तो गावचा प्रतिष्ठित माणूस म्हणून आणि मॉलीचा गोरा नवरा अर्नेस्ट भेटतो तो तिचा आधार म्हणून. दुसऱ्या भागात टॉम व्हाइट हा सरकारी तपास अधिकारी येतो आणि हळूहळू कळतं, की सूत्रधार हेल आहे आणि त्याचा भाचा अर्नेस्ट त्याला सामील आहे. मॉलीसारखेच आपणही या माणसांवर विश्वास ठेवून बसलेलो असतो, म्हणून तो धक्का फार खोल बसतो.

स्कॉर्सेसी यांनी हा धक्काच काढून टाकला. सुरुवातीला लिओनार्डो डिकॅप्रिओ टॉम व्हाइट करणार होते. मग पटकथा पुन्हा लिहिली गेली, डिकॅप्रिओ अर्नेस्ट झाले आणि तपास अधिकारी चित्रपटात खूप उशिरा येतो. मला हा निर्णय योग्य वाटतो. गोऱ्या अधिकाऱ्याने येऊन आदिवासींना न्याय मिळवून दिला, अशी गोष्ट पडद्यावर फार सोपी झाली असती. आता प्रश्न ‘कोणी केलं’ हा राहत नाही. रोज जिच्याशेजारी झोपतो, तिच्याच घरच्यांच्या खुनात माणूस सामील होतो तो कसा, हे तीन तास सव्वीस मिनिटं पाहावं लागतं. ते बघवत नाही, आणि बघवू नयेच.

पैशाचा व्यवहार समजून घ्यायला मात्र पुस्तकाला पर्याय नाही. तेलाच्या उत्पन्नातला ओसेज माणसाचा वाटा विकता येत नसे, तो वारसानेच मिळे. म्हणून मॉलीच्या घरातले मृत्यू विशिष्ट क्रमाने झाले की सगळे वाटे तिच्याकडे येणार, आणि तिच्यानंतर नवऱ्याकडे. शिवाय अनेक ओसेज लोकांना सरकारने ‘अक्षम’ ठरवलं होतं. स्वतःचा पैसा खर्च करायलाही त्यांना गोऱ्या पालकाची परवानगी लागे आणि हे पालक बहुधा गावातलेच वकील, व्यापारी, बँकवाले असत. ग्रॅन हे सगळं कागदपत्रांसह उलगडतात. चित्रपटात त्यासाठी एक छोटा प्रसंग आहे: पैसे मागायला आलेली मॉली पालकासमोर बसून आपलं नाव सांगते आणि त्याला जोडूनच ‘अक्षम’ म्हणते. प्रसंग जबरदस्त आहे, पण त्यामागचा कायदा ठाऊक असेल तरच तो पूर्ण पोचतो.

उलट मॉली स्वतः चित्रपटातच जास्त जिवंत होते. ग्रॅन नोंदींना बांधलेले आहेत आणि तिचे स्वतःचे शब्द त्या नोंदींत फार थोडे. लिली ग्लॅडस्टोन तिला चेहरा देते, ओसेज भाषा देते, नवऱ्याला पुरतं ओळखूनही त्याच्यावर जीव लावणारी नजर देते. तरीही चित्रपटाचा बहुतेक वेळ अर्नेस्ट आणि हेल यांच्याकडेच जातो. ओसेज भाषेचे सल्लागार क्रिस्टोफर कोट यांनी हीच खंत बोलून दाखवली होती: ही कथा मॉलीच्या नजरेतून हवी होती, पण ते करायला ओसेज दिग्दर्शकच लागला असता. मला ती खंत रास्त वाटते.

सर्वांत मोठा फरक शेवटाकडे आहे. चित्रपट एका जुन्या धाटणीच्या रेडिओ कार्यक्रमातून सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगतो आणि मॉलीचा मृत्युलेख स्कॉर्सेसी स्वतः वाचतात. त्या लेखात खुनांचा उल्लेखही नव्हता. पुस्तकाचा तिसरा भाग इथून फार पुढे जातो. ग्रॅन स्वतः ओक्लाहोमात जाऊन मॉलीच्या नातीला आणि इतर कुटुंबांना भेटतात, पुराभिलेखागारात बसतात आणि दाखवून देतात, की हेलला शिक्षा झाली म्हणून प्रकरण संपलं नव्हतं. वॉन नावाचा वकील १९२३ साली मरणपंथाला लागलेल्या एका ओसेज माणसाला भेटून रेल्वेने परतत होता. त्याचं प्रेत रुळांजवळ सापडलं, सोबतचे कागद गायब. मागे बायको आणि दहा मुलं. या खुनाचा माग काढताना संशय हेलवर नाही, एका बँकवाल्यावर जाऊन थांबतो. अधिकृत आकडा २४ खुनांचा होता. खरा त्याहून कितीतरी मोठा असावा, असं ग्रॅन यांना मिळालेल्या नोंदी सांगतात.

चित्रपट आधीच पाहून झाला असेल तर पहिले दोन भाग भरभर वाचलेत तरी चालेल. पण तिसरा सावकाश वाचा. त्यातलं फारच थोडं पडद्यावर आलं आहे.