आखाजीची गाणी कुठे ठेवायची?

नवं हिंदी-मराठी गाणं ऐकायचं तर स्ट्रीमिंगच सोयीचं. त्यात वाद नाही. प्रश्न येतो तो आपल्या अहिराणी, म्हणजे खानदेशी बोलीतल्या गाण्यांचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरची, कानबाई देवीची गाणी ॲपवर मिळतातही. पण कंपनीचा परवाना संपला की गाणं यादीतून गुपचूप गायब होतं. डाउनलोड केलेलं गाणंही आपलं नसतं: ते फक्त त्याच ॲपमध्ये वाजतं आणि वर्गणी थांबली की बंद. आणि आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेली ओवी तिथे शोधून सापडणार आहे का?

स्वतःच्या संग्रहाला मेहनत लागते, हे खरं. ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची एमपी३ फाइल मिनिटाला साधारण २.४ एमबी घेते. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर पाच-पाच मिनिटांची ५,००० गाणी सहज मावतात. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं मात्र फ्लॅक या फाइल-प्रकारातच ठेवा, त्यात आवाजाचा दर्जा घटत नाही. फाइलला गाणारीचं नाव, गाव, सण लिहा. ‘ट्रॅक ०१’ पुढच्या पिढीला काय सांगणार? सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज नसली तरी हा संग्रह वाजतो. फक्त दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा.