तेल रिफायनरीला गॅसवरचा कोजन: इंजिन, टर्बाइन की आहे तेच बरं?

नाशिककडे कोजन (एकाच इंधनातून वीज आणि वाफ दोन्ही) म्हटलं की साखर कारखान्याची चिमणी डोळ्यांपुढे येते. सिन्नरच्या ओळखीतल्या एका खाद्यतेल रिफायनरीवाल्यांना मात्र तो नैसर्गिक वायूवर हवाय. टेबलावर दोन कोटेशनं आहेत, गॅस टर्बाइन आणि गॅस इंजिन. तिसरा पर्याय कोटेशनशिवाय हजरच आहे: महावितरणची वीज आणि स्वतःचा बॉयलर.

टर्बाइनचं आधी उरकतो. त्याची वाया जाणारी उष्णता जवळपास सगळी 500 अंशांच्या एग्झॉस्टमध्ये, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुरात असते, त्यामुळे मेगावॉटमागे तासाला दोन-अडीच टन वाफ निघते. कॅनडात वाळूत थिजलेलं खनिज तेल जमिनीत वाफ सोडून पातळ करतात, तिथे हे यंत्र शोभतं. पण छोट्या टर्बाइनमध्ये गॅसमधली 25 ते 30 टक्केच ऊर्जा विजेत उतरते. शिवाय कॅटलॉगचा आकडा समुद्रसपाटीचा आणि 15 अंशांचा. आपण 600 मीटरच्या आसपास, त्यात मे महिन्याचं ऊन. पाच मेगावॉटचं टर्बाइन दुपारी चारही मुश्किलीने देईल.

इंजिन 40 टक्क्यांच्या घरात वीज काढतं, म्हणजे घनमीटरला साधारण चार युनिटं. मेख वाफेत आहे. ती फक्त एग्झॉस्टवर बनते, मेगावॉटमागे अर्धा ते पाऊण टन. उरलेली बरीच उष्णता जॅकेटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या, 90 अंशांच्या पाण्यात जाते, आणि ‘80 टक्के कार्यक्षमता’ लिहिताना विक्रेता तीही मोजतो. ते पाणी वापरणारं तुमच्याकडे काही आहे का? सूर्यफूल तेल करत असाल तर आहे. मेण काढायला तेल थंड करावंच लागतं. तेच गरम पाणी व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीनला (उष्णतेवर चालून गारवा देणारं यंत्र) दिलं की चिलरची वीज वाचते. नुसतं सोयाबीन असेल तर त्यातली बरीच उष्णता कूलिंग टॉवरवरून उडून जाणार.

डिओडोरायझरला, म्हणजे तेलाचा वास काढायच्या टाकीत, तेल 240 अंशांच्या आसपास न्यावं लागतं. 10 किलो दाबाची वाफ तिथवर पोचत नाही. त्यामुळे हाय प्रेशर बॉयलर किंवा थर्मिक फ्लुइड हीटर (गरम तेल फिरवून उष्णता देणारा) राहतोच. तो विकून टाका म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आता पैशाचं. समजा गॅस 50 रुपये घनमीटर. इंजिनच्या युनिटला इंधनच साडेबारा रुपये. त्यातून वाफेची वजावट करायची, आणि सगळा निकाल इथेच लागतो. आज वाफ गॅस बॉयलरवर बनत असेल तर ती किलोला चार रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे युनिटमागे अडीच रुपये सुटतात. ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या शेतकचऱ्याच्या विटांवर, ती दीड रुपयात पडत असेल तर सुटतो जेमतेम एक. वर ऑइल, स्पार्क प्लग, ओव्हरहॉलिंग आहेच. तुलना महावितरणच्या सरासरी दराशी करू नका. इंजिन बंद पडेल त्या दिवसासाठी महावितरणकडे कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारातला राखीव भार) ठेवावीच लागते, तिचे पैसे सुटत नाहीत.

ट्रिपिंगचा, म्हणजे अचानक वीज जाण्याचा, हिशेब वेगळा. त्याने डिओडोरायझरमधला व्हॅक्यूम तुटला की गरम तेलाला हवा लागते, रंग चढतो, बॅच पुन्हा फिरवावी लागते. वर्षभराचं लॉगबुक काढून अशा बॅचेस मोजा. मात्र लाइन गेली की इंजिनही सोबत ट्रिप होऊ शकतं, म्हणून आयलँडिंगची (लाइनपासून तुटून इंजिन एकटं चालू राहण्याची) सोय ऑर्डरमध्ये लेखी घ्या.

सिन्नरवाल्यांचा बॉयलर ब्रिकेटवर आहे आणि माल सगळा सोयाबीनचा. त्यांना मी थांबा म्हटलं. सूर्यफुलाची लाइन टाकली, तर चिलरच्या गरजेएवढं छोटं इंजिन बघू.