बीटा-अ‍ॅलनिन घ्यायचं की क्रिएटिन? बजेट एकाच डब्याचं असेल तर

जिममध्ये या दोन्ही सप्लिमेंट पावडरींचे डबे शेजारी असतात म्हणून दोघांचं काम एकच वाटतं, पण तसं नाहीये. क्रिएटिन म्हणजे पहिल्या काही सेकंदांचा जोर, जड स्क्वॉट, छोटी स्प्रिंट. बीटा-अ‍ॅलनिन स्नायूत हिस्टिडिन या अमिनो आम्लाला जोडलं जातं आणि त्याचं कार्नोसिन बनतं, जे जोरात पळताना साचणारं अ‍ॅसिड झेलतं. हिस्टिडिन स्नायूत असतंच, कमी पडतं ते बीटा-अ‍ॅलनिन. थेट कार्नोसिनच खाल्लं तर? रक्तातलं एन्झाइम ते फोडून टाकतं, मग पैसे कशाला घालवा.

आता वेळेचं बघा. क्रिएटिन दिवसाला २० ग्रॅमने आठवड्यात स्नायूत पूर्ण भरतं, नुसतं ३ ग्रॅम घेतलं तरी महिन्यात तिथेच पोचता, फक्त पाण्याने किलोभर वजन वाढू शकतं. बीटा-अ‍ॅलनिनला घाई चालत नाही, रोज ४ ते ६.४ ग्रॅम घेतलं तर चार आठवड्यांत कार्नोसिन साधारण ६० टक्के वाढतं, दहा आठवड्यांत ८० टक्क्यांपर्यंत. बंद केलं की हळूहळू उतरतं, त्यामुळे एखाद दिवस चुकला तर काही बिघडत नाही. पण फक्त वर्कआउटच्या आधी चमचाभर घेण्यात अर्थ नाही!

आणि ते मुंग्या येणं. मी पहिल्या दिवशी ३ ग्रॅम एकदम मारले, स्वारगेटच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत कान आणि गाल असे चुणचुणायला लागले की वाटलं आत मुंग्याच शिरल्यात (हो, पुण्यात हेल्मेट घालणारे आहेत काही). धोका नसतो, तासाभरात जातं. ०.८ ते १.६ ग्रॅमचे डोस दिवसभरात वाटून घ्या. चुणचुणलं म्हणजे लागू पडलं असं मात्र समजू नका.

तुम्ही ४००-८०० मीटर पळत असाल, २०० मीटर पोहत असाल किंवा पर्वतीच्या १०३ पायऱ्या सलग दोन-तीनदा पळत चढत असाल, म्हणजे एक ते चार मिनिटं जीव काढायचा असेल, तर बीटा-अ‍ॅलनिन. फरक तरी केवढा, ८०० मीटरला एखाद-दोन सेकंद, शर्यत असेल तर तेवढेही खूप. सिंहगड तासाभरात चढणाऱ्यांना दोन्हींचा खास उपयोग नाही, त्यापेक्षा आठवड्यात एकदा जास्त चढा.

वजन उचलणाऱ्याने सरळ क्रिएटिन घ्यावं. रोज ३ ग्रॅमने चार आठवड्यांना ८४ ग्रॅममध्ये भागतं, बीटा-अ‍ॅलनिन ११० ते १८० ग्रॅम लागतं. शाकाहारी असाल तर दोन्ही मुळातच कमी असतात, कारण आहारातून दोन्ही मुख्यतः मांस-मासळीतूनच येतात, पण तरी माझं मत क्रिएटिनलाच. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.