भट्टीवरचं छप्पर वाचवायचं: ढाल, धुराडं की मोकळं आभाळ?

अंगणातल्या पिझ्झाच्या भट्टीवर शेड घालताना नजर असते घुमटाकडे. पण जाड लेप दिलेला घुमट बाहेरून फारसा तापत नाही. छपराला धोका तोंडाचा. ओलं लाकूड किंवा एकदम भारंभार लाकूड घातलं की आतला न जळलेला वायू तोंडाशी हवा मिळताच पेटतो आणि जाळ भट्टीच्या कपाळावरून, म्हणजे तोंडाच्या वरच्या भागावरून, थेट वाशांना चाटतो.

ढाल सर्वांत स्वस्त. वाशांखाली कॅल्शियम सिलिकेट बोर्ड किंवा पत्रा, मध्ये किमान 25 मिमी पोकळी. खरं काम ही पोकळीच करते, म्हणून कडा उघड्या हव्यात. नीटनेटकं दिसावं म्हणून पट्टी मारली की तापलेली हवा कोंडली. आधाराला लाकडी गुटके नकोत, चिनी मातीचे घ्या. स्क्रू तोंडाच्या बरोबर वर येऊ देऊ नका, त्यातूनच उष्णता वाशात शिरते. ढाल तोंडापेक्षा दोन्ही बाजूंना आणि पुढे दीड-दोन फूट जास्त असावी. धूर मात्र शेडखालीच राहतो, हे धरूनच चला.

धुराडं छपरातून बाहेर काढलं तर धूर आणि बराचसा जाळ दोन्ही जातात. 304 स्टेनलेसची नळी घ्या. जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) नको, त्यावरचं जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं. एकपदरी नळी लाकडापासून 450 मिमी लांब. रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरलेल्या दुपदरी नळीला साधारण 50 मिमी पुरतात, पण उत्पादकाचा आकडा पाहा. छपरातून निघते तिथून 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याहून 2 फूट उंच. टोपीला ठिणग्यांसाठी जाळी लावा. ती काजळीने बुजते, अधूनमधून झाडावी लागते.

तिसरा मार्ग म्हणजे छप्पर मागे सरकवून तोंड आभाळाखाली ठेवणं. देशावर ठीक, कोकणात नाही: भिजलेल्या घुमटात मोठा जाळ केला की आतल्या वाफेने तडे जातात. मग दोन-तीन दिवस बारीक जाळावर सुकवत बसा.

झावळ्यांनी शाकारलेलं छप्पर असेल तर ढालीवर भागवू नका. जाळीतून निसटलेली एक ठिणगी पुरते, तिथे छप्परच बदला. लोखंडी अँगलवर पत्रा असेल तर ढाल बहुधा पुरे. पॉलिकार्बोनेट 150 अंशांच्या आसपास मऊ पडतं, ते तोंडावर नकोच. लाकडी वाशांवर कौलं असतील आणि पैसे एकाच कामापुरते असतील, तर आधी धुराडं.

काहीही निवडलं तरी पहिल्या मोठ्या जाळानंतर तोंडावरचा वासा बघा. वारंवार तापलेलं लाकूड कमी उष्णतेलाही पेटतं. पोळीला पडतो तसा तपकिरी डाग दिसला, तर पुढचा जाळ ढाल-धुराडं दुरुस्त केल्यावरच.