मे महिन्यात सेशेल्स की मॉरिशस?

निळं पाणी आणि प्रवाळ दोन्हीकडे आहे, तो विषय सोडा. सोलापुरात नान्नजच्या माळावर माळढोक शोधत दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्यांपैकी कुणाला बेटांवरचं संवर्धन डोळ्यांनी बघायचं असेल, तर कुठं जावं एवढंच सांगतो. दोन्हीकडे मी मे महिन्यातच गेलो. मास्तरकीत दुसरा महिना मिळत नाही.

कागदावर सेशेल्स भारी. जमीन जेमतेम 455 चौरस किलोमीटर आणि समुद्र साडेतेरा लाखांच्या घरात. त्यातला 30 टक्के 2020 मध्ये राखीव केला, तोही देशाच्या कर्जाच्या फेरमांडणीच्या बदल्यात. पण राखीव समुद्र बोटीतून इतर समुद्रासारखाच दिसतो. लाखभर महाकाय कासवांचं अल्डाब्रा बेट राजधानीपासून हजाराहून जास्त किलोमीटर लांब. म्हणून मी कझिन बेट धरलं. पक्ष्यांसाठी ते 1968 मध्ये विकत घेतलं, तेव्हा सेशेल्सचा वटवट्या हा छोटा पक्षी जगात फक्त तिथंच होता आणि तीससुद्धा उरले नव्हते. नारळाची बाग हटवून रान वाढू दिलं, तसा तो सावरला.

उंदीर शिरू नयेत म्हणून बाहेरची बोट तिथं किनाऱ्याला लागू देत नाहीत. बेटाच्या बोटीत बसून लाटांतून उतरायचं. नियम योग्यच, पण मे महिन्यात आग्नेयेचे वारे सुरू होतात. गुरुवारी बोट निघाली नाही, शुक्रवारीही नाही. शनिवार-रविवार बेट बंद. शेजारच्या प्रालँ बेटाच्या किनाऱ्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात मी समोरचं बेट बघत बसलो. माळढोक न दिसता परतायची सवय नान्नजनं लावली आहेच, पण तिथं जायला गाडीत थोडं पेट्रोल पुरतं.

मॉरिशसचं इल ऑ एग्रेत बेट 26 हेक्टरचं, किनाऱ्यापासून किलोमीटरभरही नाही आणि प्रवाळाच्या बांधाआड. वारं होतं, तरी बोट निघाली. आबनुसाच्या रानात गुलाबी कबूतर डोक्यावरच्या फांदीवर बसलेलं. 1990 च्या सुमारास रानात ती दहाएक उरली होती. मॉरिशसची स्वतःची कासवं कधीच संपली, म्हणून अल्डाब्राची आणून सोडलीत. ती फळं खातात आणि शेणातून बिया पेरतात. सेशेल्सला हुकलेलं कासव मला असं भेटलं! मॉरिशसचे केस्ट्रेल ससाणे 1974 मध्ये फक्त चार माहीत होते, आज काहीशे आहेत. माळढोकाच्या गावच्या माणसाला हा आकडा जरा जास्तच लागतो.

मॉरिशसचं सगळं गोड नाही. 2020 मध्ये जहाजातलं तेल याच बेटाला येऊन लागलं, आणि फळबागांसाठी सरकारनंच हजारो वटवाघळं मारली. समुद्र राखण्यात सेशेल्स कदाचित पुढंच असेल.

एप्रिलात किंवा दिवाळीच्या सुमारास तिकडचा समुद्र शांत असतो म्हणे. तेव्हा जमत असेल तर कझिन जरूर बघा. माझे एप्रिलात पेपर तपासायचे असतात, आणि दिवाळीत घरचे सोडत नाहीत.