नागपूरहून समुद्राकडे: पुरी, पाँडिचेरी की मालवण?

नागपूरला समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई ७०१ किलोमीटरवर आली खरी, पण गर्दीतली चौपाटी बघायला कोणी सहा-सात दिवसांची रजा टाकत नाही. दुसरीकडे, दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही लोहमार्ग आपल्याच स्टेशनजवळ एकमेकांना छेदतात. त्यामुळे समुद्र लांब असला तरी निवड भरपूर आहे, आणि घरोघरी वाद होतो तोही निवडीवरूनच. आजीला देवदर्शन हवं असतं, मुलांना वाळू, कोणाला किल्ला बघायचा असतो, तर कोणाला सकाळी निवांत फिरायला एखादी बाग.

असं सगळं एका सहलीत बसवायचं तर तीन दिशा विचारात घ्याव्यात: पूर्वेला भुवनेश्वर–पुरी–कोणार्क, दक्षिणेला महाबलीपुरम–पाँडिचेरी आणि पश्चिमेला मालवण–तारकर्ली. माझं मत आधीच सांगते. नागपूरकर कुटुंब पहिल्यांदा अशा सहलीला निघत असेल, तर त्याने पूर्वेला जावं. सोय हे त्याचं एक कारण आहे, पण तेवढंच नाही.

नागपूरकर भोसल्यांचं राज्य ओडिशात अर्धशतक होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात असतं. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखानाशी तह झाला आणि रघुजी भोसल्यांकडे कटक प्रांत आला. तो १८०३ पर्यंत राहिला. त्या वर्षी आधी अडगावची लढाई हरली, मग गाविलगड पडला आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे गेलं. अडगाव, गाविलगड, देवगाव ही सगळी आपल्या वऱ्हाडातली ठिकाणं. म्हणजे पुरीच्या किनाऱ्याचं भवितव्य अचलपूरच्या परिसरात ठरलं.

त्या राजवटीची खूण पुरीत जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोरच उभी आहे. तेहेतीस फुटांच्या आसपास उंचीचा तो एकसंध दगडी अरुणस्तंभ मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोरचा. कोणार्कची पूजा बंद पडलेली होती आणि मराठ्यांच्या काळात अठराव्या शतकात तो खांब पुरीला आणून उभा केला गेला. म्हणून कोणार्क आणि पुरी लागोपाठच्या दिवशी बघावं, आणि जमलं तर कोणार्क आधी. तिथली रिकामी जागा डोळ्यांत असताना सिंहद्वारासमोर उभं राहिलं की इतिहास पुस्तकातून बाहेर येतो.

कोणार्कविषयी थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण बरेच जण तिथे तासाभरात फोटो काढून परततात. तेराव्या शतकात गंग घराण्यातल्या पहिल्या नरसिंहदेवाने हे मंदिर सूर्याच्या रथाच्या रूपात बांधलं: चोवीस चाकं, सात घोडे. मुख्य शिखर केव्हाच कोसळलं. आज उंच दिसतो तो पुढचा जगमोहन, म्हणजे सभामंडप, आणि तोही ढासळू नये म्हणून इंग्रजांनी १९०३ मध्ये आत वाळू भरून बंद केला. त्यामुळे बघायचं ते सगळं बाहेरून, उघड्यावर. मुलांना आधी चाकांपाशी न्या. चाकाच्या सावलीवरून वेळ कशी सांगायची हे तिथले गाइड दाखवतात आणि पोरं त्यात रमतात. त्यानंतर पायथ्याच्या पट्टीवरचे हत्ती बघा. एकामागोमाग चालणारे शेकडो छोटे हत्ती आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी आहे. चंद्रभागा नावाचा समुद्रकिनारा तिथून तीनच किलोमीटर. माघी सप्तमीला, म्हणजे आपल्या रथसप्तमीला, तिथे स्नानाची मोठी जत्रा भरते.

दगड उघड्यावर असल्यामुळे महिना फार महत्त्वाचा. आपण मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्री ऊन सोसतो, पण ते कोरडं असतं. पुरीकडचा पारा कमी दिसला तरी दमट हवेत वयस्कर माणसं दुपारपर्यंत गळून जातात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. त्याच दिवसांत चिलिका सरोवरावर स्थलांतरित पक्षी असतात, आणि पुरीहून साधारण पन्नास किलोमीटरवरच्या सातपाड्याहून डॉल्फिन बघायला बोटी निघतात. आषाढात रथयात्रा असते. तिला जायचं तर तिच्यासाठीच जावं, पर्यटन म्हणून नाही.

पुरीच्या समुद्राबद्दल मात्र सावध राहा. लाटा जोरदार येतात आणि पायाखालची वाळू खेचतात. ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेला गोल्डन बीच स्वच्छ आहे, तिथे देखरेखही असते. मुलांना पाण्यात सोडायचं तर तिथेच, आणि कमरेच्या खालच्या पाण्यात. नारळाच्या झाडाखाली बसून शांत पाणी बघायचं स्वप्न असेल तर ते पुरीत पुरं होणार नाही. तिथे गजबज असते, उंट असतात, खाजा या मिठाईची दुकानं असतात. मंदिरात मोबाइल आणि चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत आणि प्रवेश फक्त हिंदूंना आहे. सोबत वेगळ्या धर्माचे स्नेही असतील तर हे घरून निघण्याआधीच बोलून घ्यावं, दारात अवघडल्यासारखं होतं. मंदिराच्या आवारातल्या आनंदबाजारातला महाप्रसाद मात्र चुकवू नका. कांदा-लसूण नसलेला तो भात आणि डाळ आजी-आजोबांना हमखास मानवते.

बागेच्या बाबतीत ओडिशा मधल्या नंबरावर. भुवनेश्वरचं एकाम्र कानन चांगलं आहे, पण खास त्यासाठी कोणी जाणार नाही. नंदनकाननची गोष्ट वेगळी. महाराजबाग बघत वाढलेल्या नागपुरी मुलांना जंगलात, तळ्याकाठी पसरलेलं प्राणिसंग्रहालय कसं असतं ते तिथे कळतं. सोमवारी ते बंद असतं, त्यानुसार दिवस लावा. त्याच शहरात उदयगिरीच्या गुंफा आहेत, कलिंगाचा राजा खारवेल याचा हाथीगुंफा शिलालेख आहे, आणि जवळच धौलीला अशोकाचा. भुवनेश्वर ते पुरी साठ किलोमीटर, पुरी ते कोणार्क पस्तीस. रोज बॅगा भराव्या लागत नाहीत, हा या सहलीचा मोठा गुण.

आता दक्षिण. बागा आणि नीटनेटके रस्ते हवे असतील तर पाँडिचेरीला तोड नाही. १८२६ मध्ये फ्रेंचांनी सुरू केलेलं वनस्पती उद्यान, मध्यवर्ती भारती पार्क, आणि संध्याकाळी वाहनं बंद करून फक्त चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवलेला समुद्रकाठचा रस्ता. वयस्कर जोडप्याला यापेक्षा सुखाची संध्याकाळ क्वचित मिळेल. पण त्या रस्त्यालगत बहुतेक ठिकाणी वाळू नाही, काळे खडक आहेत. वाळूसाठी शहराबाहेर जावं लागतं, आणि हे मुलांना आधीच सांगितलेलं बरं. जवळच्या ऑरोव्हिल वसाहतीतलं मातृमंदिर हे ध्यानमंदिर बाहेरून सहज दिसतं, आत बसायचं तर आगाऊ नोंदणी लागते.

इतिहासाचं काम महाबलीपुरम करतं. एकेका पाषाणातून कोरलेले सातव्या शतकातले पाच रथ, आठव्या शतकाच्या सुरुवातीचं किनारा मंदिर आणि गंगावतरणाचं विशाल शिल्प, सगळं एकमेकांच्या जवळ. कोणार्क दमवतं, हे दमवत नाही. मराठी माणसाने मात्र यात जिंजीचा एक दिवस घालावाच. पाँडिचेरीहून साधारण सत्तर किलोमीटर. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांनी मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या वेढ्यात १६९८ पर्यंत लढवलेला हा किल्ला २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. त्या यादीतल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. किल्ल्यातल्या राजगिरी टेकडीची चढण खडी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी पायथ्याचं कोठार आणि कल्याण महाल बघून थांबावं.

दक्षिणेची अडचण दिवाळीत येते. आपल्याकडे आकाश निरभ्र होतं तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि तो डिसेंबरपर्यंत कधीही गाठतो. जानेवारी-फेब्रुवारी निवडा. गाडीची बाजू मात्र भक्कम आहे. तामिळनाडू एक्सप्रेसमध्ये दुपारी बसलं की सकाळी चेन्नई. तिन्ही दिशांतला सर्वांत सुटसुटीत प्रवास हाच.

मालवणला मी शेवटी ठेवते आहे ते प्रवासामुळे, जागेमुळे नाही. समुद्र म्हणून विचाराल तर तारकर्ली-देवबागपुढे बाकीचे दोन्ही किनारे फिके. पांढरी वाळू, एकीकडे कर्ली नदी आणि दुसरीकडे समुद्र, स्कुबा करायची सोय, आणि माडांच्या वाडीतल्या घरात मुक्काम. आखलेली बाग इथे शोधू नका, इथे वाडीच बाग असते. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. कुरटे बेटावर, खाऱ्या पाण्याच्या मधोमध, गोड पाण्याच्या विहिरी असलेला हा किल्ला बघायला बोटीने जावं लागतं, आणि पावसाळ्यात बोटी बंद असतात. आतल्या मंदिरातली महाराजांची मूर्ती आणि हातापायांचे ठसे बघताना लहान मुलंही गप्प होतात. भाषेची अडचण नाही, हाही एक आराम. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी घरांनी मात्र मुक्काम ठरवताना जेवणाचं विचारूनच घ्यावं, नाहीतर सोलकढी-भातावर दिवस जातात.

पण तिथे पोहोचायचं कसं? नागपूर–मडगाव विशेष गाडी कुडाळला सोडते, ती आठवड्यातले मोजकेच दिवस असते आणि प्रवासाला जवळपास अख्खा दिवस लागतो. गोव्यापर्यंत विमानाने जाऊन तिथल्या मोपा विमानतळाहून टॅक्सीने येणं सोपं, पण पाच-सहा माणसांच्या घराला ते परवडेलच असं नाही. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर मुंबईपुढेही पाचशे किलोमीटर उरतात, तेव्हा वाटेत एक मुक्काम धराच.

म्हणून तरुण जोडपं असेल, किंवा पोहायला येणाऱ्या मोठ्या मुलांचं घर असेल आणि मधे आठ दिवस मिळत असतील, तर मालवण. दोघंच ज्येष्ठ नागरिक असतील तर पाँडिचेरी, जानेवारीत. तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील तर पुरी, नाताळच्या सुट्टीत. दिवाळीत ओडिशाकडे जायचंच असेल तर निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघा, बंगालच्या उपसागरातली वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात.

पुरीला अहमदाबाद–पुरी एक्सप्रेस नागपूरहूनच मिळते. आंध्रातल्या विजयनगरमकडून वर जाणाऱ्या गाड्यांतून सकाळच्या उजेडात चिलिकाचं पाणी खिडकीतून दिसतं, उठून बसा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नाताळच्या तारखा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच सुटतात आणि खालचे बर्थ आधी संपतात, म्हणून आजी-आजोबांची तिकिटं पहिल्या दिवशी काढा. हॉटेल त्यानंतर ठरवलं तरी चालेल. फक्त पुरीत बऱ्याच ठिकाणी खोली सकाळी लवकर सोडावी लागते, ती वेळ फोनवर विचारून परतीच्या गाडीशी ताडून बघा.