खेळाडू खरं बोलला, तर पंचांनी निर्णय बदलायचा का?

सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेचे नियम लिहायला बसलात की एका ओळीवर हमखास अडता. फिल्डर स्वतःच म्हणाला, "सर, कॅच नव्हता, टप्पा पडला," तर आऊट दिलेलं मागे घ्यायचं का?

आझाद मैदानात माझ्यावर ही वेळ आली. शेजारच्या मॅचचा मिडऑन नेमका माझ्या नजरेच्या आड उभा. कव्हरच्या पोराने खाली झुकून झेल घेतला, मी बोट वर केलं. पोरगा मात्र नाचला नाही. बोटांना लागलेली लाल माती दाखवत म्हणाला, "टप्पा होता." त्याचा कॅप्टन मागून ओरडला, "गप बस ना रे!"

बेसबॉलमध्ये हा प्रश्न जवळपास उरतच नाही. तिकडे पंच एकमेकांना विचारतात, खेळाडूला नाही. कारण मला पटतं. टप्पा पडलेला झेल चुकून आऊट दिला, की बेसवरचे, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यांवरचे, धावणारे त्या निर्णयावर मागे फिरतात. नंतर फिल्डर खरं बोलला, तर ते कुठवर पोहोचले असते, हे पंचांनी अंदाजाने ठरवायचं. आपल्याकडे आऊट दिल्यावर फलंदाजाला परत बोलावलं, की बहुतेक वेळा काम भागतं.

त्या कडकपणाची किंमतही आहे. 2 जून 2010 ला डेट्रॉइटचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आर्मांडो गॅलारागाने ओळीने 26 जण बाद केले. सत्ताविसावाही बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी 'सेफ', म्हणजे नाबाद, दिलं. सामन्यानंतर जॉइस यांनी चूक उघड कबूल केली, तरी निर्णय तसाच राहिला आणि 'परफेक्ट गेम', म्हणजे एकालाही बेसवर पोहोचू न देता सगळे 27 बाद करणं, हुकला. 2014 पासून तिथे रिप्लेची व्याप्ती वाढली. सोसायटीत कुठला रिप्ले? फार तर गॅलरीतल्या काकूंचा मोबाईल.

पण ऐकायचं म्हटलं, तर कोणाचं? त्याच 2010 मध्ये बेसबॉलमधल्याच डेरेक जीटरच्या बॅटला बॉल लागला. त्याने हाताला लागल्याचं नाटक केलं आणि अंगाला बॉल लागल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस पदरात पाडून घेतला. आपल्याकडे हे काम 'आईशप्पथ'वर होतं.

क्रिकेटने मधली वाट ठेवलीय: फिल्डिंग करणारा कॅप्टन पंचांच्या परवानगीने अपील मागे घेऊ शकतो. फेब्रुवारी 1980, वानखेडे. इंग्लंड 5 बाद 58. बॉब टेलर यष्टीमागे झेलबाद दिला गेला, पण आपले कॅप्टन गुंडप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावलं. बोथम-टेलरने 171 धावा जोडल्या आणि आपण 10 विकेट्सनी हरलो. खरेपणाचं बिल असं येतं, आणि ते सगळ्या टीमला भरावं लागतं. म्हणूनच तो शब्द कॅप्टनने द्यावा.

मला विचाराल तर क्रिकेटची वाट घ्या, पण दोन खिळे ठोकून. स्वतःच्या तोट्याचं बोलणाराच ऐकायचा. "माझा कट नव्हता" म्हणणाऱ्या बॅट्समनला तंबूचा रस्ता. आणि पंचांनी स्वतःहून "खरं सांग" म्हणायचं नाही. बारा वर्षांच्या पोराला मित्र आणि सर यांच्यात कशाला उभं करायचं? मोठ्या बक्षिसाची ओपन स्पर्धा असेल, तर मात्र बेसबॉलसारखं राहा: दोन्ही पंचांनी आपसात बोलायचं, बाकी कोणी नाही.

त्या दिवशी मी कॅप्टनकडे नुसतं पाहिलं. त्याने दोनदा स्कोअरबोर्डकडे बघितलं, मग पुटपुटला, "घ्या सर, परत बोलवा."